फिरतीवरचा लॅपटॉप : त्याची पारख व निगा

फिरतीवर जाणाऱ्या माणसाचें दफ्तर कसें असावें, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. मीं महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली. नोकरीच्या आरंभीं गांवचे नकाशे पत्र्याच्या नळींत घालून, नमुन्यांचीं पुस्तकें लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून आणि त्यावर मेणकापड गुंडाळून आम्ही पावसाळ्यांत बाहेर पडत असूं. बस्त्याची गांठ कशी मारावी, नदी ओलांडतांना तो डोक्यावर कसा धरावा आणि मुक्कामास पोहोंचल्यावर प्रथम तो उघडून कोरडा आहे कीं नाहीं हें कसें पाहावें, ह्या गोष्टी जुने अव्वल कारकून नव्या माणसास पहिल्याच आठवड्यांत शिकवीत. पुढें बस्ता गेला व लॅपटॉप आला. परंतु ह्या नव्या बस्त्याची गांठ कशी मारावी, हें मात्र कोणीं कोणास शिकविलें नाहीं. तें न शिकल्याची किंमत काय पडते, हें मीं एकदां डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि ती किंमत माझ्या खिशांतून गेली नाहीं, शेतकऱ्यांच्या खिशांतून गेली. म्हणून हा लेख लिहिण्याचें धाडस करितों.

शेतकऱ्यांच्या मासिकांत ह्या विषयाचें काय काम, असें कोणी म्हणेल. त्यांस माझें उत्तर असें कीं, आज आपल्या जमिनीचा कागद प्रथम यंत्रावर जन्मतो व मग आपल्या हातीं येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. फेरफाराची नोंद संगणकावर होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावी, अशी योजना राज्यभर सुरू झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं आपल्या डोंगरपट्टींतील शेंकडों प्लॉट यंत्राच्या साहाय्यानें मोजले गेले. इकडे 'डहाणू घोलवड चिकू' ह्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बागाइतदारांची नवी पिढी बागेचा हिशेब, फवारणीच्या नोंदी व व्यापाऱ्यांशीं होणारा पत्रव्यवहार लॅपटॉपवरच ठेवूं लागली आहे, आणि तो लॅपटॉप कधीं वाशीच्या बाजारांत, कधीं सुरतेस, तर कधीं शेताच्या बांधावर जातो. तात्पर्य, हें यंत्र आतां केवळ कचेरीचें राहिलें नाहीं. तें फिरतीवर आहे, आणि आपला कागद त्याच्या पोटांत आहे.

आपल्या मुलखांतील शत्रू

दुकानांत मिळणारा साधा लॅपटॉप हा मेजावर ठेवून वापरण्याच्या हेतूनें बनविलेला असतो. आपल्या डहाणू व तलासरी तालुक्यांत त्यास किती शत्रू आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

पश्चिमेकडे डहाणू, घोलवड, बोर्डी व तलासरी तालुक्यांतील झाई ह्या किनाऱ्याच्या गांवीं खारी हवा आहे. लोखंडी खिळ्यास दोन पावसाळ्यांत जी गत येते, तीच गत यंत्राच्या आंतील बारीक जोडण्यांस व बाहेरील छिद्रांतील पितळी पट्ट्यांस हळूहळू येते. पूर्वेकडे कासा, सायवन, उधवा ह्या भागांत पावसाळ्यांत मोटारसायकलवरून जाणें म्हणजे अंगावर पाणी घेतच जाणें होय. शिवाय रस्त्याचे हादरे निराळे. मधून गेलेल्या राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या दुतर्फा, चारोटीपासून अच्छाडपर्यंत, उन्हाळ्यांत जी बारीक धूळ उडते ती पंख्यावाटे यंत्राच्या आंत जाऊन बसते. मे महिन्यांत बंद मोटारींत ठेवलेलें यंत्र किती तापतें, हें ज्यांनीं उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीच्या सुकाणूस हात लावून पाहिला असेल त्यांस सांगणें नको.

ह्यांत एका अपूर्व शत्रूची भर पडली. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व आसपासच्या गांवीं भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्यें एक धक्का चारांहून अधिक तीव्रतेचा होता. त्या थंडींत लोक घरें सोडून तंबूंत निजत. त्या दिवसांत कित्येकांस कळलें कीं, मेज हीही सुरक्षित जागा नव्हे. फळीवर ठेवलेली वस्तु रात्रीं केव्हां खालीं येईल ह्याचा नेम नसतो.

आणि ह्या सर्वांपेक्षां अधिक यंत्रें ज्यानें मारलीं तो शत्रु म्हणजे चहाचा पेला. पाऊस सांगून येतो. चहा आदरातिथ्याच्या रूपानें येतो, आणि तो नाकारतां येत नाहीं.

अर्धा पेला चहा

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रांत 'क्यार' नांवाचें चक्रीवादळ उठलें. तें आपल्या किनाऱ्यावर आलें नाहीं. परंतु त्या सुमारास राज्यांत सर्वत्र अवकाळी पाऊस झाला, आणि कापून शेतांत आडवें घातलेलें भात भिजून त्यास मोड आले. पुढें नोव्हेंबरांत राज्यपालांनीं खरीप पिकांकरितां हेक्टरीं ८,००० रुपये व फळबागांकरितां हेक्टरीं १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, अशी मदत जाहीर केली. ती मदत पंचनाम्यावर अवलंबून होती.

त्या वेळीं मी ज्या कचेरींत होतों तिचें व त्या गांवाचें नांव येथें घालण्याचें प्रयोजन नाहीं, कारण चूक सर्वस्वीं माझी होती. एका डोंगरी गांवच्या दोन पाड्यांवर मी व एक सहकारी असे दोघे पंचनाम्यास गेलों. दोन दिवसांत एकेचाळीस खातेदारांचीं शेतें पाहिलीं. कागदी नमुने जवळ होते. परंतु एकच मजकूर दोनदां लिहिण्याचा खटाटोप वांचवावा म्हणून क्षेत्र, पीक व नुकसान हीं मीं थेट लॅपटॉपवर भरलीं. मोबाइलांत जागा उरली नव्हती म्हणून फोटोही लॅपटॉपमध्यें उतरवून मोबाइलमधून काढून टाकले. कचेरींत गेल्यावर सर्व छापून काढूं व उद्यां येऊन पंचांच्या सह्या घेऊं, असा बेत होता. पंचनामा झाला, आतां भात उचलण्यास हरकत नाहीं, असें मींच लोकांस सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं एका घराच्या ओटीवर बसलों असतां चहा आला. घरांतील लहान मूल धांवत आलें, माझ्या कोपरास धक्का लागला, आणि अर्धा पेला चहा कळफलकावर सांडला. मीं रुमालानें वरचें पुसलें. यंत्र चालू होतें, म्हणून मला धीर आला व मी काम पुढें चालवूं लागलों. दोन मिनिटांत पडदा काळा झाला. मीं घाईघाईनें पुनः बटण दाबलें. तें उजळलें, कांहीं तरी जळल्याचा वास आला, आणि मग तें कायमचें विझलें. शहरांतील दुरुस्ती करणाऱ्यानें उघडून पाहिलें. मुख्य पाटी जळली होती, आणि त्या जातीच्या यंत्रांत सांठवणीची चिप त्याच पाटीवर झाळलेली असल्यामुळें आंतील मजकूर काढतां येईना.

चार दिवसांनीं मी कागद घेऊन पुनः पाड्यांवर गेलों. बहुतेकांनीं माझ्याच सांगण्यावरून भात उचललें होतें. कोणीं वाळवून झोडलें, कोणीं कुजलेलें गुरांपुढें टाकलें. पंचांच्या व शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चौतीस जणांचे पंचनामे कसेबसे उभे राहिले. सात जणांचे राहिले नाहींत. त्यांत एक वृद्ध वारली शेतकरी होता. त्याचें शेत एक एकर, म्हणजे ४० आर. हिशेबानें त्याचे ३,२०० रुपये बुडाले. तो भांडला नाहीं. त्यानें एवढेंच विचारलें, "भाऊसाहेब, तुम्हीं तर डोळ्यांनीं पाहिलें होतें ना?"

मीं पाहिलें होतें. परंतु सरकारी कामांत डोळ्यांनीं पाहिलेलें चालत नाहीं, नोंदीवर उतरलेलें चालतें. आणि ती नोंद मीं अर्धा पेला चहांत बुडविली होती.

ह्या प्रसंगानंतर मीं ह्या विषयाची माहिती मिळवूं लागलों. ती पुढें देतों.

सोशिक यंत्राचे तीन वर्ग

फिरतीच्या उपयोगाचे लॅपटॉप ढोबळ मानानें तीन वर्गांचे असतात.

पहिला वर्ग : सांडलेलें सोसणारा कळफलक असलेलीं कचेरीचीं यंत्रें. लेनोवोचे थिंकपॅड हें ह्या वर्गाचें जुनें व प्रसिद्ध उदाहरण आहे. डेल व एचपी ह्यांच्या व्यापारी वर्गाच्या कांहीं यंत्रांतही ही सोय असते. कळफलकाखालीं एक पातळ ताट बसविलेलें असतें, आणि त्या ताटास पडलेलें पाणी तळाशीं बाहेर काढून देणारीं छिद्रें असतात. भातखाचरास जसा पाणी काढून देण्यास बांधाचा फोड ठेवावा, तशीच ही योजना. परंतु तिची मर्यादा समजून घ्यावी. ती थोड्या द्रवाकरितां आहे, कळफलकावर वरून पडलेल्या द्रवाकरितां आहे, आणि बाजूच्या छिद्रांतून पाणी शिरल्यास तिचा उपयोग नाहीं. तिचा खरा लाभ हा कीं, यंत्र बंद करण्यास मालकास वेळ मिळतो. सोसणारें म्हणजे न भिजणारें नव्हे.

दुसरा वर्ग : अर्धसोशिक यंत्रें. ह्यांचें कवच जाड, कोपरे रबरी व छिद्रांवर झांकणें असतात. वाऱ्याबरोबर येणारा शिंतोडा व धूळ हीं सोसतात.

तिसरा वर्ग : पूर्ण सोशिक यंत्रें. जपानच्या पॅनासॉनिक कंपनीनें १९९६ सालीं 'टफबुक' ह्या नांवानें असलें यंत्र विक्रीस आणलें. तैवानची गेटॅक ही कंपनीही ह्याच व्यवसायांत आहे, आणि डेलनेंही असलीं यंत्रें काढलीं आहेत. कवच धातूचें, सांधे रबराच्या कडेनें बंद केलेले, आणि पडदा इतका उजळ कीं भर उन्हांत वाचतां यावा. साध्या यंत्राच्या पडद्याची उजळी अडीचशें-तीनशें निट असते, ह्यांची हजारांच्या घरांत किंवा अधिक असते. सैन्य, पोलीस, भूमापन, खाणी अशा ठिकाणीं तीं वापरतात. वजन अडीच-तीन किलो व किंमत साध्या यंत्राच्या कित्येक पट, हे त्यांचे दोष.

खुणांचे आंकडे कसे वाचावेत

विक्रेता 'हें यंत्र मिलिटरीचें आहे' किंवा 'वॉटरप्रूफ आहे' असें म्हणतो. ह्या शब्दांवर विसंबूं नये. जमीन घेतांना 'माझी जमीन आहे' एवढ्यावर आपण पैसे मोजीत नाहीं. सर्व्हे नंबर विचारतों, सातबारा व आठ-अ पाहतों. येथेंही तसेच नमुने आहेत व त्यांस नंबर आहेत.

पहिली खूण 'आयपी' व तिच्यापुढें दोन आंकडे. पहिला आंकडा धुळीचा, ० पासून ६ पर्यंत. ५ म्हणजे धूळ थोडी शिरेल, पण काम बिघडविणार नाहीं. ६ म्हणजे धूळ मुळींच शिरणार नाहीं. दुसरा आंकडा पाण्याचा. ३ म्हणजे वरून व तिरपा येणारा फवारा, ४ म्हणजे सर्व बाजूंनीं उडणारें पाणी, ५ म्हणजे नळीची धार, ६ म्हणजे जोराची धार, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडणें. अर्धसोशिक यंत्रांवर बहुधा आयपी ५३ व पूर्ण सोशिक यंत्रांवर आयपी ६५ किंवा ६६ अशी खूण आढळते. येथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ही परीक्षा गोड्या पाण्यानें होते. समुद्राचें पाणी किंवा साखर-दुधाचा चहा ह्यांबद्दल ती कांहीं सांगत नाहीं. ही परीक्षा छिद्रांवरील झांकणें लावलेलीं असतां होते. झांकण उघडें ठेवून पावसांत गेलें तर खुणेस अर्थ राहत नाहीं. आणि ती नव्या यंत्राची असते. रबराची कड म्हातारी झाली कीं खूण कागदावरच उरते.

दुसरी खूण 'मिल-एसटीडी-८१०'. हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा परीक्षांचा संग्रह असून तो प्रथम १९६२ सालीं निघाला. त्याची 'एच' ही आवृत्ति २०१९ ची आहे. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, ह्या नांवाची एकच परीक्षा आहे व ती सरकार घेतें. तसें नाहीं. हा नमुन्यांचा संच आहे; त्यांतील कोणत्या परीक्षा घ्यावयाच्या तें बनविणारा ठरवितो व बहुधा स्वतःच घेतो. म्हणून 'कोणते नंबर उतरले?' असें विचारावें. आपल्या उपयोगाचे नंबर येणेंप्रमाणें :

५०१ – उष्णता.
५०६ – पाऊस.
५०७ – दमटपणा.
५०८ – बुरशी.
५०९ – खारें धुकें.
५१० – वाळू व धूळ.
५१४ – हादरे.
५१६ – धक्का व आपट.

बोर्डी-घोलवडच्या माणसानें ५०९ बद्दल अवश्य विचारावें, कारण आयपीची खूण कितीही मोठी असली तरी खाऱ्या हवेपासून गंज धरण्याचा प्रश्न तिच्यांत येत नाहीं. उधवा-सायवनकडे मोटारसायकलवर फिरणारानें ५०६ व ५१४ पाहावे. आपटीच्या परीक्षेंत यंत्र सुमारें १२२ सेंटिमीटर उंचीवरून, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या वरून, सहा बाजू, बारा कडा व आठ कोपरे ह्यांवर मिळून सव्वीस वेळां टाकतात. ऐकण्यास हें भारी वाटतें. परंतु नियमाप्रमाणें ह्या सव्वीस आपटा एकाहून अधिक, पांचपर्यंत यंत्रांत वांटून घेण्याची मुभा असते, आणि फळी लाकडाची असते. आपल्या रस्त्यावरची खडी लाकडाची नाहीं. उंची किती व यंत्र पडतांना चालू होतें कीं बंद, हेंही विचारावें.

कोणीं कोणतें घ्यावें

माझें मत असें कीं, शंभरांतील नव्वद वाचकांस तिसऱ्या वर्गाच्या यंत्राची गरज नाहीं. ज्याचें काम दिवसभर उघड्यावर, पावसांत व उन्हांत यंत्र चालू ठेवून करावयाचें आहे, म्हणजे भूमापक, नाव वापरणारे, अथवा आपत्तीच्या वेळीं फिरणारे, त्यानेंच तें घ्यावें. बागाइतदाराचा मुलगा, संस्थेचा चिटणीस, व्यापारी, शिक्षक ह्यांस पहिल्या वर्गाचें यंत्र व एक चांगली पिशवी पुरे. व्यापारी वर्गाचीं यंत्रें मोठ्या कंपन्यांतून तीन-चार वर्षांनीं बाहेर पडून दुरुस्त केलेलीं अशीं कमी किंमतींत मिळतात. हलक्या प्रतीच्या नव्या यंत्रापेक्षां तीं बरीं. घेतांना यंत्र उलटें करून तळाशीं पाणी जाण्याचीं छिद्रें आहेत कीं नाहींत हें पाहावें, बिजागरी ढिली नाहीं ना हें पाहावें, आणि बॅटरी फुगलेली नाहीं ना हें सपाट मेजावर ठेवून पाहावें; यंत्र डुगडुगलें तर संशय धरावा.

आणखी तीन गोष्टी. एक, आंत फिरणारी हार्ड डिस्क असलेलें जुनें यंत्र फिरतीकरितां घेऊं नये. त्या डिस्कवरून वाचणारें टोंक केसाहूनही कितीतरी बारीक अंतरावर तरंगत असतें, आणि चालत्या गाडीच्या हादऱ्यानें तें डिस्कवर आपटतें. न फिरणारी, एसएसडी जातीची सांठवण घ्यावी. दोन, ती सांठवण काढतां येण्याजोगी असावी. मुख्य पाटीवर झाळलेली नसावी. माझ्या प्रसंगांत एवढी एक गोष्ट निराळी असती तरी एकेचाळीस नोंदी वांचल्या असत्या. तीन, साध्या हमींत द्रव सांडल्यानें झालेलें नुकसान बहुधा धरीत नाहींत. अपघाताची हमी वेगळी घ्यावी लागते. हमीचा कागद दुकानांतच वाचावा, घरीं येऊन नव्हे.

रोजची निगा

यंत्र पिशवींत घालण्यापूर्वीं पूर्ण बंद करावें. नुसतें झांकण मिटून झोंपविलेलें यंत्र कधीं कधीं पिशवींतच जागें होतें आणि हवा नसल्यामुळें तापतें. पिशवी पाठीवर घ्यावी. मोटारसायकलच्या टाकीवर किंवा मागील कॅरियरवर बांधूं नये, कारण माणसाचें अंग हादरे जिरवितें, लोखंड जिरवीत नाहीं. पावसाळ्यांत तोंड गुंडाळून बंद होणारी रबरी पिशवी वापरावी. हेंच आपलें मेणकापड. आंत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्या व त्या पंधरवड्यानें बदलाव्या.

थंड केलेल्या खोलींतून एकदम दमट हवेंत यंत्र आणलें तर थंड पाण्याच्या पेल्यावर जसें दंव धरतें तसें त्यावर व आंतही धरतें. पिशवी न उघडतां अर्धा तास जाऊं द्यावा, मग उघडावी. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत यंत्र ठेवूं नये, आणि तापलेल्या यंत्राची बॅटरी भरूं नये. असल्या बॅटऱ्या बहुधा ४५ अंशांवर भरण्यास योग्य नसतात. किनाऱ्याच्या गांवीं आठवड्यांतून एकदां कोरड्या मऊ कापडानें यंत्र पुसावें. आणि चहाचा पेला यंत्राच्या मेजावर ठेवूं नये, खालीं जमिनीवर ठेवावा. खालीं ठेवलेला पेला सांडला तर जमीन भिजते.

भिजल्यास तत्काळ काय करावें

पहिलें : चार्जर काढावा व बटण दाबून धरून यंत्र तत्क्षणीं बंद करावें. काम जतन करण्याच्या मोहांत पडूं नये. विजेविना पाणी सावकाश नुकसान करितें. वीज चालू असतां तेंच पाणी क्षणांत करितें.

दुसरें : बॅटरी निघण्याजोगी असल्यास काढावी. यंत्र उघडें करून, कळफलक खालीं येईल असें, तंबूसारखें पालथें उभें करावें.

तिसरें : पुनः चालू करून पाहूं नये. माझें यंत्र चहानें अर्धें व ह्या उतावळेपणानें पुरें मेलें.

चौथें : उन्हांत, चुलीजवळ किंवा केस वाळविण्याच्या यंत्रानें तापवूं नये. पंख्याच्या वाऱ्यांत किमान दोन दिवस ठेवावें.

पांचवें : चहा, सरबत, ताडी-नीरा किंवा खारें पाणी असेल तर वाळल्यानें भागत नाहीं. साखर व मीठ मागें राहतें व तांब्यास हिरवा गंज चढतो. जाणत्या कारागिराकडून यंत्र उघडवून साफ करून घ्यावें.

यंत्र तांदळांत पुरून ठेवावें, असा एक उपाय सर्वतोमुखीं झाला आहे. आपण भात पिकविणारे लोक, त्यामुळें हा उपाय आपणांस विशेष गोड वाटतो. परंतु तांदूळ यंत्राच्या आंतील पाणी मोकळ्या हवेपेक्षां अधिक ओढून घेत नाहीं. उलट कण्या व पीठ छिद्रांत जाऊन बसतें. तांदूळ कणगींतच बरे.

सूर्यास्तापूर्वीं दुसरी प्रत

इतकें सर्व सांगून झाल्यावर मुख्य गोष्ट सांगतों. सर्वांत महागाचें यंत्रही नदींत वाहून जातें, गाडींतून चोरीस जातें, अथवा एके दिवशीं विनाकारण बंद पडतें. कवच यंत्राचें रक्षण करितें. मजकुराचें रक्षण दुसरी प्रत करिते. दिवसाचें काम सूर्यास्तापूर्वीं दोन ठिकाणीं असलेंच पाहिजे : एक यंत्रांत, व दुसरें पेन ड्राइव्हवर, मोबाइलांत, अथवा जाळें मिळत असेल तेथें दूरच्या सांठवणींत. पेन ड्राइव्ह यंत्राच्याच पिशवींत ठेवूं नये. पिशवी बुडाली कीं दोन्ही बुडतात. तो अंगावरील खिशांत असावा. आणि ज्या नोंदीवर दुसऱ्याचा पैसा किंवा हक्क अवलंबून आहे, तिचा सहीचा कागद जागेवरच करावा, मग यंत्रावर चढवावी.

१७ मे २०२१ च्या सुमारास 'तौक्ते' वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें व डहाणूकडील चिकूच्या बागांचें पुष्कळ नुकसान झालें. त्या वेळींही मी पंचनाम्यांवर होतों. यंत्र जुनेंच, पण सांडलेलें सोसणारें होतें. पिशवी रबरी होती. कागद जागेवर सह्यांनिशीं होत होता, आणि संध्याकाळीं पेन ड्राइव्ह माझ्या सदऱ्याच्या खिशांत असे. त्या फेरींत मजजवळील एकही नोंद हरवली नाहीं. नवें कांहीं केलें नव्हतें; बस्त्याची जुनीच शिस्त नव्या वस्तूस लावली होती.

शेवटीं शेतकरी बंधूंस दोन सूचना करितों. आपल्या शेतावर कोणी पंचनाम्यास, मोजणीस किंवा पाहणीस आला आणि त्यानें केवळ यंत्रांत नोंद केली, तर त्याच्या कागदाची प्रत मागावी. निदान पडद्यावरील आपल्या नोंदीचा फोटो स्वतःच्या मोबाइलांत घ्यावा. ह्यांत अविश्वास नाहीं, व्यवहार आहे. दुसरी सूचना आपल्या मंडळास. फवारणीचे पंप ज्याप्रमाणें आपण सामाइक ठेवितों, त्याप्रमाणें एक अर्धसोशिक लॅपटॉप, त्याची रबरी पिशवी व दोन पेन ड्राइव्ह मंडळानें घेऊन ठेवावे, आणि बाजारास, प्रदर्शनास किंवा कचेरींत जाणाऱ्या सभासदास थोड्या भाड्यानें द्यावे. एकट्यास जो खर्च जड, तो पन्नासांस हलका.

त्या वृद्ध शेतकऱ्याचे ३,२०० रुपये मला पुढें परत मिळवून देतां आले नाहींत. त्याचा प्रश्न मात्र मजजवळ राहिला आहे, आणि वाचकांपैकीं कोणावर त्यास उत्तर देण्याचा प्रसंग न यावा, एवढ्याकरितां हा लेख लिहिला.